पहिल्या घाण्याआधी

कार्तिकातलं दंव त्या सकाळी इतकं पडलं होतं की घरामागच्या मांगराच्या कौलांवरून पागोळ्या गळाव्यात तसं गळत होतं. खाडीवरून वर आलेलं धुकं वाडीच्या तोंडाशी येऊन अडलं होतं आणि कुत्री राखेच्या ढिगावर वेटोळी करून पडली होती. अशा हवेत चूल लवकर धरत नाही. परशुराम वायंगणकरांनी आधी नारळाची सुकी सोडणं रचली, त्यावर माडाच्या चुडताचे तुकडे, त्यावर आंब्याची फळी, आणि गुडघे टेकून फुंकणीनं फुंकायला लागले. धूर नाकातोंडात गेला. खोकताना डावा हात आपोआप पोटावर गेला. शस्त्रक्रिया झाल्यापासून तो हात तिथं जायला शिकला होता.

"फुंकूची होती तर माका सांगूचा नाय?" मागून त्यांची बायको जानकी म्हणाली. ती कडेला बसून आलं किसत होती.

"तुझी फुंकर चुलीक लागणा नाय गो. माझीच लागता."

चूल पेटली. एकीकडे तेलाची कढई चढली, दुसरीकडे गुळाची काहील. हंगामाचा पहिला घाणा होता.

वाडी त्यांना भाई म्हणते. भाईंचा खाजा म्हटलं की मालवणपासून फोंडाघाटापर्यंत जत्रेला जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बेसनाच्या बोटभर जाड कांड्या तेलातून काढायच्या, आल्याचा रस घातलेल्या गुळाच्या पाकात लोळवायच्या, आणि पाक पांढुरका होऊन सुटेपर्यंत झाऱ्यानं वरखाली करत राहायचं. बोलायला सोपं. पण पाक एक कढ कमी झाला तर खाजा बोटांना चिकटतो आणि एक कढ जास्त झाला तर दात पडतात. भाईंच्या आजोबांपासून हे काम चालत आलंय. कार्तिकात सुरू होतं ते शिमग्याला थांबतं. मधले सगळे महिने आज ह्या देवीची जत्रा, उद्या त्या देवाची, असं सामान बांधत-सोडत जातात.

आणि आजोबांपासूनच घरात एक नेम आहे. चुलीजवळ जो उभा राहणार त्यानं पहिला घाणा उतरून त्यातला मूठभर केळीच्या पानावर देवाला जाईपर्यंत तोंड उष्टं करायचं नाही. चहा नाही, पेज नाही, विडीसुद्धा नाही. हंगामाचा पहिला घाणा गावच्या रवळनाथाला जातो. जत्रेत बसल्यावर त्या त्या दिवसाचा पहिला घाणा तिथल्या देवाला. भाईंनी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी झारा हातात घेतला, तेव्हापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता. तापात मोडला नव्हता, दाढ सुजली तेव्हा मोडला नव्हता. मोडायचा असतो हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

मागच्या शिमग्याच्या आधी त्यांची अंगातली सदरी सैल व्हायला लागली. जत्रेची दगदग म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग डोळे पिवळे झाले. शेजारच्या राधाबाईंनी काविळीचा पाला आणून दिला, तो आठवडाभर पोटात गेला, आणि पोट आणखीच बिनसलं. ओरोसला जाऊन सोनोग्राफी केली, तिथल्या डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहून गोव्याला पाठवलं. गोव्याच्या इस्पितळात कळलं की पोटामागं स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते आणि भाईंच्या त्या ग्रंथीच्या नळीत शेंड्यापासून बुडापर्यंत गाठीगाठी झाल्यात. नुकत्या कॅन्सरकडं झुकायला लागलेल्या. ग्रंथीबाहेर पसरल्या नव्हत्या.

सर्जन आधी म्हणाले होते, अर्धी ठेवायचा प्रयत्न करू. पोट उघडल्यावर अर्धी ठेवण्यासारखी निघाली नाही. अख्खी काढली, सोबत पित्ताशय गेलं, आतड्याचा तुकडा गेला, प्लीहा गेली. भाई शुद्धीवर आले तेव्हा बरगड्यांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके होते, मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरते.

"डॉक्टरान पोटार कौलारू घर बांधल्यान," भाई बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सदरा वर करून दाखवायचे. "आता भाडेकरू बघूचो आसा."

लोक हसायचे आणि बाहेर जाऊन जानकीला विचारायचे, वाचतलो मां?

जानकीला ते विचारणं आवडायचं नाही. वाचलेला माणूस समोर बसलाय, पेज जेवतोय, आणि हे विचारतायत वाचेल का. पण वाचणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक होतं. घासाबरोबर पाचक कॅप्सूल द्यायची, नाहीतर खाल्लेलं सगळं तेलकट होऊन तसंच बाहेर. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई: एक दिवसभर पुरणारी, तीन जेवणाआधीच्या. बोटाला टोचून रक्त बघायचं. सर्जननी निघताना दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "इतर मधुमेह्यांपेक्षा यांचं वेगळं आहे. साखर खाली घसरली तर ती वर ओढणारं शरीरात काही उरलेलं नाही. त्यामुळे वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेल्या साखरेला जास्त भ्यायचं. हातपाय कापले, घाम सुटला, की गूळ, साखर, मिळेल ते तोंडात. लगेच."

"गूळ?" भाई एवढंच म्हणाले होते आणि मोठ्यानं हसले होते. "गूळ तर आमच्या घरात ढेपीन आसा."

राधाबाईंना हे पटलं नव्हतं. त्या कारल्याचा रस घेऊन यायच्या आणि ओटीवर बसून म्हणायच्या, "डायबेटिस आसा आणि गूळ खावा म्हणता? शिरा पडो त्या डॉक्टराच्या तोंडार! जानके, गुळाची ढेप कुलपात ठेव हां."

"गे राधाक्का," भाई आतून ओरडायचे, "तुझ्या पाल्यान माका गोव्याक पोचवलो. आता कारला खंय पोचवतला?"

तर त्या कार्तिकातल्या सकाळी चूल पेटण्याआधी भाईंनी उठून बोट टोचलं. आकडा चांगला होता. दिवसभराची सुई घेतली, आणि नेहमीच्या वेळेला जेवणाआधीचीही घेतली, कारण सुई चुकवायची नाही असं इस्पितळात बजावून सांगितलं होतं. पेज घेतली नाही, कारण घाणा देवाला जायचा होता. जानकी विहिरीवर होती. तिला वाटलं, नेमाच्या दिवशी सुई राहिली असेल. भाईंना वाटलं, आपण दोघांचंही ऐकलं, डॉक्टरांचं आणि बापाचं.

कांड्या तळून झाल्या. गूळ विरघळला, फेसाळला, वर आला. पाक झाला की नाही हे भाई वाटीतल्या थंड पाण्यात थेंब सोडून बघतात. थेंबाची गोळी झाली की काहील उतरायची. त्या दिवशी त्यांनी थेंब सोडला, बघितला. परत सोडला, बघितला. परत सोडला.

"झालो काय पाक?" जानकीनं विचारलं.

भाईंनी आणखी एक थेंब सोडला. कपाळावरून घाम गळत होता, पण चुलीसमोर घाम कोणाला येत नाही?

"अवो, पाक झालो काय विचारतंय."

भाईंनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. पाहुण्याकडं बघावं तसं, अदबीनं.

"बाये, तुमचो गाव खंयचो?"

जानकीला हसू आलं. "मसुऱ्यासून आणलास माका. इसारलास?"

"मसुऱ्याक आमचे सोयरे आसत," भाई म्हणाले. "वायंगणकरांका ओळखतास तुमी?"

तिच्या हातातली किसणी खाली पडली. आवाजात थट्टा नव्हती. तिनं ढेपीचा एक तुकडा उचलला आणि भाईंच्या तोंडाजवळ नेला. भाईंनी तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

"देवाक दाखवक नाय अजून. उष्टा करूचा नाय."

बायको ओळखू येत नव्हती, पण नेम बरोबर आठवत होता. जानकीनं मग काही विचार केला नाही. डावा हात मानेमागं घातला, उजव्या हाताच्या बोटांनी मऊ गूळ हिरड्यांवर चोळला, पुन्हा चोळला, वर शिव्याही दिल्या असाव्यात, कारण कुंपणापलीकडून राधाबाई धावत आल्या. थोड्या वेळानं भाईंनी गूळ चघळायला सुरुवात केली. मग गिळला. मग स्वतःहून हात पुढं केला. पाच-दहा मिनिटांनी काहिलीकडं बघून म्हणाले, "पाक जळलो गो."

"जळूंदे," जानकी म्हणाली आणि तिथंच राखेत बसून राहिली.

दुपारी जेवण झाल्यावर तिनं निकाल दिला. "ह्या वर्षी जत्रेक धनेश बसात. तुमी घराकडे ऱ्हवा."

धनेश तिचा धाकटा भाऊ. फोंडाघाटच्या बाजारात त्याचा फरसाणाचा गाळा आहे, स्वतःचा टेम्पो आहे, आणि गॅसची मोठी शेगडी आहे. माणूस वाईट नाही. पण त्याचा खाजा पिठूळ होतो हे त्यालाही ठाऊक आहे.

"सातेरीची जत्रा पंधरा दिवसार इली," भाई म्हणाले.

"येऊंदे."

"पायरीच्या डाव्या अंगाची जागा आपली."

"जागा धनेश सांभाळता."

सातेरीच्या जत्रेत देवळाच्या पायरीच्या डाव्या अंगाला वायंगणकरांची चूल पेटते. ह्याचा कुठं कागद नाही. जो चूल पेटवतो त्याची जागा, एवढंच. मागच्या शिमग्याआधीच्या दोन जत्रा आजारपणात गेल्या. त्या जागी आता गॅसवर दुसरंच कोणी बसलं, की पुढच्या वर्षी लोक "वायंगणकर आता बसत नाय" म्हणणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेही म्हणणार नाहीत. विनीत, त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. तो काही झारा धरणार नव्हता. भाईंच्या पाठीमागं कोणी नाही हे भाईंना मान्य होतं. पण आपण असताना जागा सुटावी, हे नव्हतं.

त्यांनी दोन दिवस जानकीशी बोलणं टाकलं. म्हणजे जेवण, कॅप्सूल, सुई, सगळं वेळेवर, पण मुक्यानं.

तिसऱ्या दिवशी गोव्याहून फोन आला. इस्पितळातली क्लॉडिया सिस्टर शस्त्रक्रिया झालेल्या लोकांना दर तीन-चार महिन्यांनी फोन करते आणि ठरलेले प्रश्न विचारते. माणूस जगलाय का एवढंच बघून चालत नाही, कसा जगतोय ते सर्जनना लागतं. प्रश्न ती शुद्ध मराठीत विचारते.

"भाई, गेल्या आठवड्यात तुम्हाला थकवा किती जाणवला? अजिबात नाही, थोडा, बराच, की खूप?"

"थोडो."

"अन्न पचनाचा त्रास? तेलकट शौच?"

"कॅप्सूल घेतलंय तर नाय. इसारलंय तर मगे इचारू नको."

पलीकडून हसू आलं. "वजन?"

"दोन किलो वाढला. सदरी अजून आजोबाची वाटता."

"बरं. तुमचं नेहमीचं काम करण्यात काही अडचण येते का? अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप?"

भाईंनी फोन कानापासून दूर धरला. क्लॉडियानं प्रश्न पुन्हा वाचला. भाई अंगणाकडं बघत राहिले. जानकीनं पुढं होऊन तो घेतला.

"सिस्टर, मी जानकी. ह्या प्रश्नाचा उत्तर मी देतंय." आणि तिनं पहिल्या घाण्याची सगळी गजाल सांगितली. सुई, उपास, बाये तुमचो गाव खंयचो, सगळं.

क्लॉडिया मराठी विसरून कोंकणीवर आली. "अरे देवा! जेवणाची सुई घेतली आनी जेवले नांत? मावशे, ती सुई ताट समोर आल्याबगर घेवपाची न्हय!" मग स्वतःला सावरून सावकाश सांगितलं. दिवसभराची सुई रोज, ती चुकवायची नाही. जेवणाची सुई जेवणाला बांधलेली, जेवण नाही तर सुई नाही. आणि सकाळी रिकाम्या पोटी चुलीसमोर तासन्‌तास उभं राहायचं, तर नुसत्या पहिल्या सुईवरसुद्धा साखर उतरू शकते. उठल्यावर थोडं काही पोटात जायलाच हवं.

"तसा करूक देव देयत तर ना," जानकी म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्यात देवाक आधी."

"आमची मांय आचऱ्याची," क्लॉडिया म्हणाली. "ईस्टराआदीं करेज्माक उपास धरताली. पाद्रीक विचारून सोडलो तिणें, डायबेटिस जाल्या उपरांत. तुमच्यांत विचारपाक कोण ना?"

त्या संध्याकाळी जानकीनं लुगडं बदललं आणि न सांगता दाजी गावकरांच्या घरी गेली. दाजी गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं तेच घालतात, म्हणजे गावाच्या वतीनं देवापुढं उभं राहून माणसाचं म्हणणं मोठ्यानं मांडतात. वय सत्तरीचं, आवाज ढोलासारखा.

"देवाक विचारूचा म्हणतंस," दाजींनी सगळं ऐकून घेतलं. "पण परशुराम तयार आसा काय?"

"तुमी बोलावलास तर येतलो. माझा ऐकणा नाय."

"बायलेचा ऐकणारो घोव ह्या गावात देवान अजून घडवक नाय," दाजी म्हणाले. "सोमवारी घेवन ये."

सोमवारी सकाळी भाई देवळात गेले ते कपाळाला आठ्या घालूनच. उपाशीच गेले. कौल लावायचा तर तोंड उष्टं करून कोण जातं? जेवणाची सुई मात्र घेतली नव्हती. क्लॉडियाचं तेवढं त्यांनी ऐकलं होतं. जानकीनं पिशवीत रक्त बघायचं यंत्र घेतलं, पेजेचा डबा घेतला, आणि मागून चालायला लागली.

"देवाक कायदो बदलूक सांगूचो," वाटेत भाई पुटपुटले. "लोक काय म्हणतले?"

"लोक म्हणतले, परशुराम जितो आसा. चला."

गुरवानं रवळनाथाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या, उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. उजवी पडली तर देवानं हो म्हटलं, डावी पडली तर नको. आधी केळीच्या पानावर गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून झाला होता. दाजींनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरव आणि देवळात टेकलेले चारपाच जण म्हणाले.

"आज ह्यो तुझो भगत परशुराम वायंगणकर तुझ्या पायाकडे उभो आसा रे म्हाराजा! तेच्या आज्या-बापाशीन तुका पयलो घाणो दिल्याशिवाय तोंडात पाणी घेवक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तेच्या पोटातलो कारखानो डॉक्टरान काढून टाकल्यान. तेका उपाशी ऱ्हवक जमणा नाय. तेची बायल घाबरी झाली आसा. तर तेनी आधी घोटभर पेज घेतल्यान तर तुका चलता काय, ता तू आज सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे थांबले. कौल लागताना कोणी बोलत नाही. पाषाण ओला, पाकळ्या ओल्या, दोन्ही जिथल्या तिथं. बाहेर वडाच्या झाडावर पोपटांची भांडणं चालली होती. एक म्हातारा खोकला. पाकळ्या हलेनात. गुरवानं समई सारली. पाकळ्या हलेनात.

"देव इचारात पडलो," कोणीतरी कुजबुजलं.

जानकी देवाकडं बघतच नव्हती. ती भाईंच्या मानेकडं बघत होती. मान ओली दिसायला लागली होती. देवळात गारवा होता, बाकी सगळ्यांनी अंगावर उपरणी ओढली होती. ती पुढं झाली, भाईंचं बोट धरलं आणि देवासमोरच टोचलं. भाई हात सोडवायला लागले, पण जोर नव्हता.

"किती?" दाजींनी विचारलं.

"एकसष्ट," जानकी म्हणाली. "आणि उतरता आसा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आता हेंका गोड होया. आत्ताच. मगे हे माका माझो गाव विचारतले."

तिनं पेजेचा डबा उघडला. भाईंनी डोळे मिटून मान हलवली. "कौल पडूंदे आधी."

दाजी गावकरांनी एकदा पाषाणाकडं पाहिलं, एकदा भाईंकडं. मग वाकून केळीच्या पानावरचं गूळखोबरं मूठभर उचललं आणि भाईंच्या समोर धरलं.

"घे."

"दाजीनू, कौल..."

"ह्यो प्रसाद. देव देता तो. देवान दिलेलो नाय म्हणतलंस तू?"

जेवण नाकारता येतं, औषध नाकारता येतं, बायको देते ते तर रोज नाकारता येतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून पुढं केलेला प्रसाद नाकारणारा माणूस त्या वाडीत जन्मला नव्हता. भाईंनी दोन्ही हात पुढं केले. गूळखोबरं तोंडात घातलं आणि चावत राहिले. दाजींनी आणखी एक मूठ दिली, तीही खाल्ली. गुरवानं खांबाला टेकवून बसवलं. मग जानकीनं पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता.

"झाला तर," दाजी खाली बसत म्हणाले. "परशुरामा, तू इतकी वर्षां देवाक आधी देवन मगे खातंस. आता देव तुका आधी देतलो, मगे तू तेका दे. हेच्यात मोडला काय?"

भाईंनी ओठ पुसले. "पण जत्रेत?"

"सातेरीच्या पुजाऱ्याक मी सांगतंय. आदल्या सांजेचो प्रसाद तुझ्याकडे येतलो. सकाळी उठल्यावर तो तोंडात घालूचो, मगे चूल."

"नुसता गूळखोबरा पुरणा नाय," जानकी म्हणाली. "वर पेज होयी."

"प्रसादान तोंड उघडलाच आसा," दाजी म्हणाले. "मगे पेज खा नायतर पावण्यांचा जेवाण जेव. माका कित्याक विचारतंस?"

"आणि पाकळी?" भाईंनी विचारलं. त्यांचं लक्ष अजून तिथंच होतं.

"लावलेली आसा. पडात तेवा पडात."

पेज पिऊन दोघं घरी गेली. दुपारी गुरव देवळाचा केर काढायला आला तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली होत्या. आधी कुठली पडली ते कोणी पाहिलं नव्हतं. गुरवानं हे दाजींना सांगितलं, दाजींनी भाईंना सांगितलं नाही.

भाईंना जत्रेला सोडायला जानकीनं एक अट घातली: ती स्वतः जत्रेला येणार. वायंगणकरांच्या घरातली बाई जत्रेत चुलीशेजारी कधी बसली नव्हती. भाई म्हणाले, लोक हसतील. ती म्हणाली, हसूंदे, मी तराजू धरतंय. धनेश टेम्पो घेऊन आला, सामान चढवताना भाईंना ढेपीला हात लावू देईना.

"भावोजी, तुमी नुसतो हुकूम करा," तो म्हणाला.

"हुकूम तुझी बहीण करता रे. माका झारो तेवढो ठेवलो हा."

सातेरीच्या जत्रेत पायरीच्या डाव्या अंगाला चूल रचली गेली. इन्सुलिनची पेनं ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात, मडकं जानकीच्या पाटाशेजारी. सकाळी उठून भाईंनी बोट टोचलं, दिवसभराची सुई घेतली, पुजाऱ्यानं आदल्या संध्याकाळी दिलेला पुडा सोडला, देवळाकडं तोंड करून गूळखोबरं तोंडात टाकलं. मग पेजेचं ताट समोर आलं, तेव्हा दुसरी सुई, आणि पहिल्या घासाला कॅप्सूल. सगळं झाल्यावर चूल पेटवली. पहिला घाणा उतरला, पानावर मूठभर गेला. भाई तो जाताना बघत उभे राहिले. काहीतरी चुकल्यासारखं चेहऱ्यावर होतं, ते दिवसभर पुरतं गेलं नाही.

नेहमीचं गिऱ्हाईक मात्र आलं. जामसंड्याची एक म्हातारी दरवर्षी येते, तिनं भाईंना खालीवर न्याहाळलं.

"तू मेलंस म्हणान आयकलंय."

"मी पण आयकलंय," भाई म्हणाले. "खोटा निघाला. अर्धो किलो देवू?"

"एक किलो दे. फुडल्या वर्षाचा कोणी सांगलाहा?"

जानकीचा तराजू हातातच थांबला. पौषात गोव्याला स्कॅनला जायचं होतं. त्यात काय दिसेल ते तिला ठाऊक नव्हतं, सर्जननाही नव्हतं. गाठ दुसरीकडं पुन्हा उगवू शकते हे त्यांनी लपवलं नव्हतं. भाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हातारीच्या पिशवीत एक मूठ जास्तीची टाकली.

"फुडल्या वर्षी हयसरच आसंय. ये."

दुपार टळली. उन्हं देवळाच्या कळसावरून खाली सरकली, दशावताराच्या मंडपात कनाती बांधायला लागले, आणि गर्दी थोडी पातळ झाली. सकाळचा माल बहुतेक संपला होता. जानकीनं मडकं सावलीत सारलं आणि विचारलं, "थकलास?"

"थोडो," भाई म्हणाले. "पीठ खंय ठेवलंस?"

तिनं पोतं दाखवलं. भाईंनी फळीवर कागद पसरला, पोत्याचं तोंड सोडलं, चाळण मांडीजवळ ओढली आणि उद्याच्या घाण्याचं बेसन चाळायला बसले.